अनुदानित जागा आणि उपनगरांतली पायपीट

कांजूरमार्गच्या स्टॉपवर उभा राहिलो तेव्हा वारा कचऱ्याच्या डम्पिंगकडून येत होता. गावच्या मंडळींना हे कळायचं नाही. आमच्याकडे वाऱ्याची दिशा झाडाच्या पानांवरून बघत नाहीत, नाकाने ओळखतात. आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. नुसती घामाची चिकचिक. धुतलेला सदरा घातला होता, तो स्टॉपवरच अंगाला चिकटला.

आपल्या गावच्या मंडळाच्या अंकात दरवर्षी कुणी काशीला जाऊन आल्याचं लिहितो, कुणी केरळला. मी गेलो घाटकोपर, मुलुंड आणि अंधेरीला. हा काही प्रवास आहे का, असं कुणी विचारील. पण इतकी वर्षं मुंबईत काढून मी कॉलेजच्या फाटकातून कधी आत गेलो नव्हतो. मला काशीपेक्षा तेच लांब.

नात मानसी बारावी झाली. टक्के बरे पडले. तिला शिकायचं होतं गृहविज्ञान, आणि त्यातही घराचं आणि गिऱ्हाइकाचं अर्थशास्त्र. म्हणजे पगार घरात कसा वाटायचा, विमा कुठला घ्यायचा, हप्त्यावर वस्तू घेताना दुकानदार कुठे फसवतो, ते सगळं. हे खूळ तिच्या डोक्यात शेजारच्या पार्वतीबाईंच्या मिक्सरने घातलं. मिक्सर महिन्याभरात जळाला, दुकानदार हात वर करून मोकळा. मानसीने पावतीमागची बारीक अक्षरं वाचली, दुकानात जाऊन उभी राहिली आणि नवा मिक्सर घेऊनच आली. तेव्हापासून चाळीतल्या बायका टीव्ही घ्यायच्या आधी तिला विचारतात.

तिचा बाप, माझा मुलगा विलास म्हणाला, "घर चालवायला कॉलेज कशाला? आईकडून शीक की. मॉलमध्ये मुली घेतायत, तिथे जा."

ती गेलीसुद्धा. कपड्यांच्या दुकानात काउंटरला. प्रवेश मिळेपर्यंत, असं ठरलं. सुट्टी मिळेना, म्हणून कॉलेजं बघायला मी निघालो. ती म्हणत होती मोबाईलवर सगळं दिसतं. मी म्हटलं, "मोबाईलवर भिंत चांगलीच दिसते. ओल आलीय का ते जाऊन बघावं लागतं."

"बरं आबा. फी काय आणि शिकवतात कसं, एवढंच विचारून या."

स्टॉपवर आमच्या शेजारच्या वाडीतला बाळा भेटला. "खंय (कुठे) चललस सकाळीच?"

सांगितलं.

"भाकऱ्यो थापूचा कॉलेज काय रे ता?"

"तुज्या झिलाक (मुलाला) पाठव थंय," मी म्हटलं. "सून तरी सुटात." बस आली म्हणून बरं, नाहीतर तो सोडत नव्हता.

घाटकोपरचं कॉलेज जुनं. स्टेशनपासून गल्लीत, फरसाणाच्या दुकानांच्या मागे. भिंतीचा रंग उडालेला, जिन्याला बांबू लावलेले. आत मात्र स्वच्छ होतं. एका वर्गाच्या दारातून बघितलं. बाई फळ्यावर वीजबिल लिहून शिकवत होत्या. खरंच वीजबिल, युनिट आणि आकार वगैरे. मुली खाली मान घालून लिहून घेत होत्या. मला ते आवडलं. आवडलं हे आज लिहितो, तेव्हा मनातच ठेवलं.

खिडकीतल्या बाईंना मानसीचे टक्के सांगितले. त्या म्हणाल्या, "बसतात काका. कटऑफच्या (इतके टक्के असतील तरच आत) वर आहे मुलगी. लवकर या तिला घेऊन, थोड्याच जागा राहिल्यात."

फी ऐकली आणि मला पटेना. एवढ्यात तर बालवाडीसुद्धा होत नाही आजकाल.

"एवढी कमी कशी?"

"अनुदानित आहे ना काका."

"म्हणजे सरकार पैसे देतं?"

"हो, सरकार देतं." मागे रांग होती. बाईंची मान पुढच्या माणसाकडे वळली.

आता अनुदान हा शब्द मी गावात ऐकलेला. घराला अनुदान, संडासाला अनुदान. ते मिळावं म्हणून तालुक्याला खेपा, साहेबापुढे कमरेत वाकणं, आणि मिळालं की साऱ्या वाडीत त्याची चर्चा. गिरणी बंद पडली तेव्हा मी भाजी विकली, रात्रपाळीची वॉचमनकी केली, पण कुणापुढे ओंजळ धरली नाही. माझ्या नातीला सरकारने शिकवायचं आणि उद्या कुणी तोंडावर बोलून दाखवायचं, हे मला नको होतं. शिवाय फुकटात देतात ते कसलं असणार, हेही मनात आलं. वर्गात वीजबिल बघितलं होतं, तरी आलं.

मी म्हटलं, "आम्हाला अनुदान नको. स्वतःच्या पैशाने शिकवू. तसं कुठे आहे?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "विनाअनुदानित? मुलुंडला बघा. पण काका, नीट विचार करा. मुलीचा नंबर देऊन ठेवा."

नंबर दिला आणि ताठ मानेने जिना उतरलो. आज तो जिना आठवला की मान आपोआप खाली जाते.

खाऊगल्लीत डोसा खाल्ला. लोण्याचा लगदा नुसता, चव कसली ती नाही. मग बसने मुलुंड. वाटेत आमचंच कांजूर लागलं. खिडकीतून आमच्या चाळीकडे वळायचा रस्ता दिसला. उतरलो नाही. काम हातात घेतलं की अर्ध्यात सोडायची सवय नाही.

मुलुंडचं कॉलेज म्हणजे काचेची पेटी. थंडगार. दारात मोठ्या फुलदाणीत खोटी फुलं. टेबलामागची मुलगी हिंदीत बोलली, मी मराठीत बोललो, दोघांचं चाललं. तिने एक गुळगुळीत पुस्तक हातात दिलं आणि फी सांगितली. मी परत विचारली, तिने परत सांगितली. ती तेवढीच होती.

"हप्त्याने भरता येते अंकल," ती म्हणाली.

बाहेर टपरीवर चहा घेतला. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र अडकवलेली दोन पोरं तिथेच उभी होती. नातीसाठी बघतोय म्हटलं. विचारलं, "शिकवतात कसं रे?"

"बिल्डिंग झकास आहे आजोबा."

"शिकवतात कसं विचारलं मी."

दुसरा हसला. "मॅडम टिकतच नाहीत. एक गेली की दुसरी येईपर्यंत लेक्चर नाही. परीक्षा आली की आमची वाट. नातीला टाकताय काय? नका टाकू, यार."

चहा पाण्यासारखा होता.

घरी मानसी आलेली. कामावर दिवसभर बसू देत नाहीत, म्हणून पाय मिठाच्या गरम पाण्यात सोडून बसली होती. "घाटकोपरचं कसं होतं आबा?"

"त्याचं काही खरं नाही. मी नको सांगून आलो."

"का?"

"मी बघून आलोय ना?"

ती पाण्यातल्या पायांकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अंधेरी. घाटकोपरहून मेट्रो. मेट्रो गार आणि मुकी. कुणी कुणाशी बोलत नाही, सगळ्यांच्या माना खाली. खिडकीतून खालच्या वस्तीचे निळं प्लास्टिक घातलेले पत्रे दिसतात, कडेला गटार दिसतं, आणि वर आपण गार हवेत उभे. मला आपलं ओशाळल्यासारखं झालं.

अंधेरीचं कॉलेज शोधायला फार फिरलो. सापडलं तर तिथे तो विषय बंद झालेला. त्या जागी घर सजवायचा कोर्स. आत मुली पडद्याच्या कापडाचे तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवत होत्या. एक पोक्त बाई बाहेर आल्या, तिथे शिकवणाऱ्या. म्हणाल्या, "पूर्वी होता हो. मीच शिकवायचे. मुलीच येईनाशा झाल्या, नाव ऐकूनच लोक हसतात. बसा, पाणी घ्या." मी बसलो. "घाटकोपरला नाही गेलात? तिथे अजून चांगला चालतो."

"गेलो होतो. अनुदानाचं आहे ते. आम्हाला सरकारचे पैसे नकोत."

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "आजोबा, सरकार पैसे देतं ते शिक्षकांच्या पगाराला. मुलीच्या हातात कुणी काही ठेवत नाही. पगार पक्का, म्हणून शिकवणारे टिकतात. म्हणून फी कमी. विनाअनुदानित म्हणजे तोच पगार तुमच्या खिशातून. मिळत असेल तर धावत जा."

पाण्याचा पेला तसाच ठेवून उठलो.

धावत जा म्हणाल्या, आणि मी मेट्रोत चढलो ती उलटी. दोन्हीकडे सारखेच डबे, सारखेच दरवाजे. विचारायचं कुणाला, आणि विचारायचं कशाला, कालचा माणूस आहे काय मी. गाडी रिकामी होत गेली तरी बसून होतो. शेवटी सफाईवाली म्हणाली, "बाबा, वर्सोवा आलं. उतरायचं नाही?" तिथून परत सगळा रस्ता. घाटकोपरला पोचलो तेव्हा खिडकीवर लाकडी फळी लागलेली. शिपाई झाडत होता.

"बाई गेल्या?"

"गेल्या. उद्या या."

"गृहविज्ञानाच्या जागा आहेत अजून?"

"दुपारीच भरल्या. जागांचा बोर्ड काढला ना." भिंतीवर बोर्डाचा चौकोन तेवढा पांढरा दिसत होता.

बोरिवलीलाही एक कॉलेज बघायचं होतं, ते राहिलंच. गेलोच नाही. पायांत जीव नव्हता असं सांगितलं सगळ्यांना.

घरी आलो. मानसी कामावरून येऊन भाजी निवडत होती. मी चपला काढेपर्यंत तिनेच विषय काढला. "आबा, दुपारी घाटकोपरहून फोन आला होता. बाई विचारत होत्या, आजोबा नको म्हणाले, पण जागा ठेवू का सोडू? समोर गिऱ्हाईक होतं, सुपरवायझर बघत होता. मी म्हटलं, सोडा."

"सोडा म्हणालीस?"

"तुम्ही बघून आला होतात ना."

मी तिला अंधेरीच्या बाईंचं सगळं सांगितलं. अनुदान म्हणजे काय तेही. काही लपवलं नाही. ऐकताना तिचा हात भाजीवर थांबला, मग पुन्हा चालू झाला. देठ एकीकडे, पानं एकीकडे. रडली असती तर बरं झालं असतं.

"पुढच्या वर्षी बघू," म्हणाली.

गावच्या कुणाला मुलगी शिकवायची असेल तर सांगून ठेवतो, अनुदानित विचारा, आणि मिळालं तर तिथल्या तिथे हो म्हणा. ती भीक नव्हे. एवढ्यासाठी हे लिहायला घेतलं.

मानसी रोज मॉलला जाते. महिना झाला तेव्हा पहिला पगार आईच्या हातात ठेवला. त्या आठवड्यात विलासने हप्त्यावर फ्रिज आणला. कागद तिनेच वाचले, बापाला सही तिनेच करायला लावली. पुढच्या वर्षी बघू असं ती अजून म्हणते, मीही म्हणतो. पण एकदा पगार घरात यायला लागला की घराला त्याची सवय होते. एवढं अर्थशास्त्र मला कॉलेजात न जाताही येतं.