पाय त्याच्या हाती दिला तेव्हा

देव आहे की नाही असा प्रश्न मला कधी पडला नाही, पण त्या महिन्यांत मी त्याच्याशी बोलणंच सोडलं होतं. रुसलेच होते म्हणा ना. सावलीजवळच्या आमच्या गावात मी अंगणवाडी चालवते. लेकरं उचलता उचलता कंबर कधी गेली कळलं नाही, आणि पाहता पाहता डावा पाय ओढत चालायची वेळ आली. चांद्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यांमधली गादी झिजली आहे, नस दबते आहे, ऑपरेशन केलं नाही तर पाय कायमचा लुळा पडेल. आणि ते करायचं पोटाकडून. आमचे हे बिथरलेच.

"पाठ दुखते तं पोट काऊन फाडता जी?"

डॉक्टर हसले. गादीपर्यंत पुढून सरळ वाट आहे म्हणाले, फक्त त्या वाटेवर पायांकडे जाणाऱ्या रक्ताच्या मोठ्या नळ्या येतात. त्या अलगद बाजूला धरायला नागपूरहून रक्तवाहिन्यांचे सर्जन येतील. "अन् नळी फाटली तं?" मी विचारलं, तेव्हा मात्र ते हसले नाहीत.

ऑपरेशनच्या सकाळी नागपूरचे सर्जन आले. पिकल्या केसांचे, शांत. आले ते थेट माझ्या पायथ्याशी, आणि त्यांनी माझ्या पावलाला हात लावला. मी पाय आखडूनच घेतला. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, तेवढाच काय तो मान. एरवी वडील माणसाचा हात आपल्या पायाला लागू देणं म्हणजे पाप डोक्यावर घेणं.

"डाक्टरसाहेब, पायाले हात नका लावू जी. तसंच करा ना ऑपरेशन."

"पायातली नाडी पाह्यल्याशिवाय मी पोटाले हात नाई लावत, बाई," ते आमच्याच बोलीत म्हणाले. "मामा आहे का तुम्हाले?"

"होता. आता नाई."

"मंग आजच्या दिवस मले मामा समजा."

मला रडूच फुटलं. डोळे मिटून मी पाय सरळ केले. त्यांची बोटं कितीतरी वेळ पावलावर टेकलेली होती. बऱ्याच दिवसांनी मी मनात बोलले, महादेवा, पाय याच्या हाती दिला, आता तुझं तू पाहा.

मग भूल चढली आणि मी वैनगंगेत उभी होते. पाणी कोमट, हिरवट, कुठे आवाज म्हणून नाही. वरच्या अंगाला कोणीतरी पाठमोरं उभं होतं आणि त्यानं आपल्या हातानं सगळी नदी एका बाजूला धरून ठेवली होती. माझ्यापुढे कोरडी वाळू. मधूनच तो हात सैल करी, पाणी माझ्या पावलांवरून वाहून जाई, आणि तो पुन्हा नदी सावरून धरी. घाई त्याला नव्हतीच, मलाही नव्हती. तोंड पाहावं म्हणून मी वाकले, पण पाठच दिसत राहिली.

दुसऱ्या दिवशी सर्जन पुन्हा पायथ्याशी आले. या वेळी मी पाय ओढला नाही. नाडी पाहत ते म्हणाले, "ऑपरेशनच्या मधातच ह्या पायाची नाडी बंद झाली होती. काल सकाळी चांगली लागली होती, म्हणून समजलं, नळी धरल्यानं रक्त अडून राह्यलं. मंग सोडली, रक्त वाहू देलं, पुन्हा धरली. सकाळी पाह्यली नसती तं वाटलं असतं, हिची नाडी अशीच असन."

मी त्यांना नदीचं काही सांगितलं नाही. घरी यांना सांगितलं, तर म्हणाले, भुलीत काहीही दिसते. दिसत असेल. मी वाद घालत नाही.

आज मी पाय न ओढता अंगणवाडीत जाते. जन्मभर देवाच्या पायांवर डोकं ठेवत आले, ते मला कधी जड गेलं नाही. आपला पाय त्याच्या हाती द्यायची वेळ आली तेव्हा मात्र मी मागे ओढला होता. तरी त्यानं तो धरला, आणि मला चालतं केलं.