रिबिल्डमधली टीम आणि तिचे दोन फॅन

जिंकणाऱ्या टीमच्या फॅनकडे स्कोअर असतात, हरणाऱ्या टीमच्या फॅनकडे किस्से! आमच्याकडे तर ते ढिगाने साठलेत. सांगताना हसू येतं, पण लाजही वाटते.

टीम म्हणजे इथे परदेशात, ईस्ट टामाकी या उपनगरातला आमचा छोटा बेसबॉल क्लब. लहान-मोठे, मुलं-मुली सगळे एकत्र खेळतात. माझी लेक सई पिचर, म्हणजे बॉल टाकणारी. चांगले खेळाडू ऑस्ट्रेलियाला गेले आणि तेव्हापासून कोच टोनी प्रत्येक पराभवानंतर म्हणतो, "वी आर रिबिल्डिंग!"

फॅन दोनच. मी आणि माझ्या ऑफिसातले देशपांडे. ते म्हणतात, "आमच्या कोथरूडच्या सोसायटीचं असंच आहे. जुनं पाडून झालं, नवं काही दिसेना!"

*

टोनीला खेळाडू कमी पडले. मी छातीठोकपणे म्हटलं, "आमच्यातला एक आणतो. ढीगभर क्रिकेट खेळलाय!"

तो निनाद, सोलापूरचा. शिकायला आला आणि इथलाच झाला. पहिला बॉल आला, त्याने बॅट वर उचलून शांतपणे सोडला. मी सवयीने ओरडलो, "वेल लेफ्ट!"

दुसरा सोडला. तिसराही. बेसबॉलमध्ये असे तीन सोडले की संपलं; बॅटला बॉल न लागताच गडी आऊट!

परत येऊन मला म्हणतो, "दादा, आधी सेट होत होतो."

*

पुढच्या शनिवारी त्याने खरंच मारला. बेसबॉलमध्ये मारल्यावर बॅट टाकून बेसकडे, म्हणजे जमिनीवरच्या चौकोनी गादीकडे पळतात. हा बॅटसकट सुटला आणि बेसजवळ झेपावून क्रिकेटसारखी बॅट टेकवली! बॅट पोचली, निनाद पोचायचा होता. तेवढ्यात समोरच्याने बॉल घेऊन बेसवर पाय ठेवला. आऊट!

टोनीने मला विचारलं, "मेट, व्हाय इज ही होल्डिंग द बॅट?"

मी वाकून माझ्या जँडल्सचा, म्हणजे चपलांचा पट्टा नीट करायला लागलो.

*

सोमवारी ऑफिसात कुणी मॅचचं विचारलं की देशपांडे म्हणतात, "वेदर मस्त होतं!" मी तोवर कॉफी आणायला गेलेलो असतो.

*

मग एका बड्या क्लबने सईला बोलावलं. मी गाडीत म्हटलं, "जा ना. निदान जिंकशील तरी."

सई इथेच जन्मली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. "बाबा, समवन हॅज टू स्टे. यू आर कमिंग सॅटर्डे, राइट?"

"हो गं," मी म्हटलं.

*

शनिवारी मॅच नेमकी त्या बड्या क्लबशीच. आमच्या ऑफिसातल्या मॅनेजरचा मुलगा त्यांच्याकडून खेळतो. मॅनेजरने हात केला, "कम, सिट विथ अस!" गेलो. बसलो. आम्हाला धू-धू धुतलं. पलीकडे देशपांडे एकटेच टाळ्या वाजवत होते.

पुढच्या इनिंगआधी सई आमच्यासमोरच वॉर्म-अप करत होती. मॅनेजर तिच्याकडे बघून म्हणाला, "पुअर गर्ल. हूज किड इज शी?"

"नो आयडिया," मी म्हटलं.

तेवढ्यात तिचा बॉल कॅचरच्या डोक्यावरून गेला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला. ती स्वतःच धावत आली. मी बॉल पुढे केला. तिने मॅनेजरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "धन्यवाद, काका."