कृष्णेनं नेलेला कडीचा डबा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींना हसणारी बाई. कागलच्या एमआयडीसीत क्वालिटी तपासते... व्हर्नियरच्या मापात बसतं तेवढंच खरं. त्यामुळं पुढचं वाचून ‘हिला भांग चढली’ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आमचं घर कुरुंदवाडचं. मागच्या महापुरात पाणी उंबऱ्याला लागलं, तेव्हा आईनं रीतीप्रमाणं कृष्णामाईची ओटी भरली — खण, नारळ, तांदूळ. तरी पाणी घरात शिरलंच. मांडणीवरची भांडी वाहून गेली. त्यात मामानं तिच्या लग्नात दिलेला स्टीलचा कडीचा डबाही, रिकामा. तेव्हापासून आईनं पाण्याशी अबोला धरला. घाटावर जाणं बंद, नाव दिसली की पाठ फिरवायची. आणि जन्माची इच्छा काय, तर सिंधुदुर्गावर महाराजांच्या हाताचा ठसा बघायचा! किल्ला भर समुद्रात... चालत जाणार व्हय?

गेल्या हिवाळ्यात तिला गाडीत घालून मालवणला नेलंच. अगदी किनाऱ्यावर घरगुती राहायची सोय, सकाळचा नाश्ता त्यातच, समोर किल्ला. आईनं खिडकीकडं पाठ केली.

“गुडघं थकल्यात. आता न्हाय तर कधीच न्हाय, ठाव हाय मला. पर होडीत बसायची न्हाय मी. ओटी घिऊन घर बुडवलं तिनं!”

मला रडूच आलं.

सकाळी अंगणात घावणे खात होतो. मालकीणबाई पुळणीवरून आल्या, हातात एक डबा. “ह्यो तुमचो काय गो? आताच लाटेबरोबर इलो.”

आईनं डबा घेतला आणि पदरानं पुसला. झाकणावर आईचंच नाव कोरलेलं — ‘चि. कमल हिस, दादाकडून’. बाजूला पोचा, लहानपणी मीच आपटलेला. कडी घट्ट. उघडला तर आत कोरडे ठणठणीत, कुंकू लागलेले चार तांदूळ.

तुम्हाला माहीतच आहे, जिची ओटी भरतात ती त्यातले चार दाणे भरणारीला परत देते.

आई एकदम हसायला लागली. “अगं, दिलं की गं तिनं परत! उशिरा दिलं, पर दिलं. ऊठ, होडी सुटंल!”

होडीत ती सगळ्यांत पुढं बसली. अंगावर पाणी उडालं तर त्यालाच दटावलं. ठशापुढं हात जोडले, मग तटावर चढून अशी ‘जय भवानी, जय शिवाजी!’ ललकारी दिली, की सहलीला आलेली अख्खी शाळा मागून ओरडली. मी तिथंच डोळे पुसत नाचले. जिंकली की हो माझी आई!

आता माझी पंचाईत. कृष्णा वाहते पूर्वेला, मिळते बंगालच्या उपसागराला. मालवण पश्चिमेला आणि मध्ये आडवा सह्याद्री. मग तो डबा आला कुठून? परवा आईपुढं नकाशा पसरून हेच समजवायला गेले. ती डब्यात तांदूळ भरत होती, वर बघितलंही नाही.

“तुझा नकाशा तू बघ,” म्हणाली. “मला एवढंच सांग, जंजिऱ्याला होडी कुठनं सुटती?”