पुकारा

पत्रेवाल्याचं डोकं जे फिरलं होतं, ते ठिकाणावर यायचं नाव घेत नव्हतं. धाकट्या भावाच्या बायकोने कोर्टातून मनाई हुकूम आणला होता: घराच्या आसपास फिरकायचं नाही. आणि त्याच घरात आई, अंथरुणाला खिळलेली. आता तिला भेटायचं कसं, कपाळ?

बरं, तारखेला तो गेला होता की! इस्त्रीचा सदरा घालून कोर्टाच्या दाराबाहेर बाकावर दिवसभर बसून होता. तरी आत ‘गैरहजर’ म्हणून एकतर्फी निकाल. माझं नाव पुकारलंच नाही, सगळे एकमेकांना सामील आहेत, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. शेवटी एक वकीलबाई गाठून त्याने हुकूम रद्द करण्याचा अर्ज ठोकला.

वकीलबाई महाफटकळ. पहिल्याच भेटीत त्यांनी मुद्दाम पाठ फिरवून चहा घेणार का विचारलं. हा ढिम्म. मग तोंड वळवून त्यांनी सुनावलं, की पुकारा तीनदा झाला, बाकावरच्या सगळ्यांनी ऐकला. जन्मभर पत्रा ठोकून कान गेलेत तुमचे, तेच न्यायाधीशांना सांगा. तो असा उसळला, की बाईंचा बापही त्याच्या तोंडून सुटला नाही. गिऱ्हाइकांनी बहिरा म्हणून हसायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं. पण आईचा विषय निघाला तशी त्याने दातओठ खात मान हलवली.

कोर्टात भावजय उभी राहिली. तीही काही कमी तापलेली नव्हती. पत्रेवाला तिच्या ओठांवर नजर लावून बसला. अलीकडे त्याचं ऐकणं असंच चालायचं. ती सांगत होती, की कारखान्याच्या वाटणीवरून भांडल्यापासून भाऊजी आमचा उंबरा ओलांडत नाहीत. दर रविवारी फाटकाशी उभे राहून ‘आई, आई’ असं कोकलतात, फाटक बडवतात, तुम्ही आईचं तोंड दाबलंय म्हणून शिव्या घालतात. आत या म्हटलं तर आणखी चढतात. पोरं पलंगाखाली लपतात.

“आणि आई काय म्हणतात?” न्यायाधीशांनी विचारलं.

“दर हाकेला ओ देतात. खिडकी फाटकाला लागूनच आहे, साहेब.”

पत्रेवाला ताडकन उठला. राग होताच, पण तो कुणावर काढायचा हेच त्याला कळेना.

“साहेब, मी बहिरा आहे,” तो गरजला. “लिहून घ्या.”

एकतर्फी हुकूम रद्द झाला. प्रकरण पुन्हा ऐकू, तोवर आईला भेटा, पण आवाज चढवायचा नाही, असं न्यायाधीशांनी बजावलं. वकीलबाईंनी ते त्याला कागदावर लिहून दाखवलं.

रविवारी तो मुकाट्याने उंबरा ओलांडून आत गेला. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तो पलंगाशी बसला तशी ती वळली आणि कडाडली. त्याने ओठ वाचले.

“इतक्या वेळा ओ दिली मी. कान फुटलेत का रे तुझे?”

“हो, आई,” तो म्हणाला. “फुटलेत.”