चार्टपेपरवर न मावलेली शाळा

जिल्हा परिषदेच्या शाळेतलं लोखंडी कपाट कधी उघडून पाहिलंय? फुटका पृथ्वीगोल, टोक मोडलेला कंपास, हवा गेलेला फुटबॉल, काटा अडकलेला तराजू... सगळं जपून ठेवलेलं! कारण टाकता येत नाही. आधी निर्लेखनाचा प्रस्ताव जाणार, मग तो मंजूर होणार, मग टाकायचं. तोवर दोन मुख्याध्यापक रिटायर होतात. आम्हा शिक्षकांकडे किस्स्यांचंही असंच होतं. साठत जातात, आणि एक काढायला गेलं की दहा अंगावर पडतात.

परवा तालुक्याला ट्रेनिंग होतं. गटात बसवलं, चार्टपेपर दिला, स्केचपेन दिले. विषय होता 'प्रभावी शाळेची दहा वैशिष्ट्ये'. आमच्या गटातल्या एका नव्या शिक्षिकेने हिरव्या पेनाने शीर्षक लिहिलं, त्याला वेलबुट्टीची चौकट काढली आणि मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही सीनियर. पहिला मुद्दा तुम्ही सांगा."

मला मुद्दा आठवेचना. आठवले ते लांजेवार सर!

भंडारा जिल्ह्यात, करडीच्या पुढे तलावाच्या काठाला एक गाव आहे. नाव सांगत नाही, नाहीतर अर्धं गाव फोन करून माझ्या चुका काढेल. तिथली पहिली ते चौथीची दोन शिक्षकी शाळा. सर मुख्याध्यापक, मी सहायक शिक्षिका. अकरा वर्षं मी तिथे काढली. पुढे सर रिटायर झाले, माझी बदली झाली. शाळा मात्र आजही भरते.

*

माझा पहिला दिवस. मी तक्ते, शब्दपट्ट्या, खडू असं सगळं पिशवीत भरून हजर. सर म्हणाले, "पिशवी ठेवा, चला."

आणि गावभर फिरवलं! एकही घर सोडलं नाही. कुणाच्या शेळीची चौकशी, कुणाच्या सासूच्या गुडघ्याची, आणि प्रत्येक घरी काळा चहा. दुपार झाली तेव्हा माझे पाय भरून आले होते आणि पोटात नुसता चहा डुचमळत होता. मी वैतागून विचारलं, "सर, आणि अभ्यासक्रम?"

"तो कुठे पळून जाते, मॅडम? पळतात ते पोट्टे. कोणतं पोट्टं कोणत्या घरून कुठे पळते, ते आज पाहून घ्या."

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर तिसरीतले दोघे गायब. मी सरळ मासेमारांच्या ढिवर मोहल्ल्यामागे, जिथे डोंगे, म्हणजे होड्या बांधून ठेवतात तिथे गेले. दोघंही तिथेच, डोंग्यात पाय सोडून बसलेले. मला पाहताच एक जण दुसऱ्याला म्हणाला, "अबे, नव्या म्याडमले बी पत्ता मालूम हाये!"

*

शालिकभाऊ आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. तलावात मासे धरणारा माणूस. अध्यक्ष झाल्यावर सही शिकले आणि मग जिथे-तिथे सही करत सुटले!

एकदा तालुक्याहून साहेब आले, समितीची बैठक झाली. "शाळेत काय सुधारणा पाहिजे?" साहेबांनी विचारलं. कुणी म्हणालं कंपाउंड, कुणी म्हणालं कॉम्प्युटर. शालिकभाऊ म्हणाले, "घंटा मोठी पाहिजे, साहेब."

साहेब हसले. "घंटेने शिक्षण सुधारतं का हो?"

"आताची घंटी तलावावर आयकू येत नाही. गुरुजी टायमावर आले का नाही, आमाले कसं मालूम पडन?"

साहेबांचं हसू थांबलं. सरांचं सुरू झालं.

साहेबांकडून काही घंटा आली नाही. शालिकभाऊंनीच कुठून तरी लोखंडी रुळाचा तुकडा आणला आणि कडुनिंबाला टांगला. त्याचा टोल तलावाच्या पलीकडच्या धानाच्या बांधीत ऐकू जायचा.

मग एक दिवस सरांची गाडी पंक्चर झाली. मी रजेवर होते. साडेदहाची घंटा पावणेअकराला झाली. अकरा वाजेपर्यंत चार माणसं शाळेत हजर! त्यात शालिकभाऊ, अंगावरचे कपडे ओले, पाणी निथळतंय. "गुरुजी, तब्येत बरी हाये ना जी?"

दुसऱ्या दिवशी सर मला सांगत होते, "मॅडम, हजेरीची लई मशीनं पाहिली. पण ओल्या कपड्यानं तब्येत विचाराले येणारं मशीन नव्हतं पाहिलं!"

हा किस्सा सांगितला तेव्हा ट्रेनिंगमधल्या त्या पोरीने चार्टपेपरवर लिहिलं, 'लोकसहभाग'. लिहो बिचारी.

*

आता हा किस्सा माझ्या अंगावरचा आहे, पण सांगते.

तिसरीत निखिल नावाचा मुलगा होता. वाचनात कच्चा. एक दिवस मी त्याला फळ्यावरचं वाचायला लावलं. मी लिहिलं होतं, 'आई, मला भूक लागली. मला भाकर दे.' निखिल उभा राहिला आणि एकेका शब्दावर बोट धरल्यासारखं करत त्याने वाचलं, "माय, मले भूक लागली. मले भाकर दे."

"चूक. नीट बघ."

त्याने नीट बघितलं आणि पुन्हा तेच वाचलं. मी त्याच्या वहीत लाल फुली मारली. तो खाली बसला. मग चार दिवस तो उभाच राहिला नाही. नाव घेतलं की मान खाली.

सरांनी वही पाहिली. "हे फुली कायची, मॅडम?"

"चुकीचं वाचलं त्याने, सर."

"काय लिहिलं होतं? काय वाचलं?"

मी सांगितलं. सरांनी वही मिटली. मग म्हणाले, "त्याला जर अर्थ समजला नसता, तर 'आई'ची 'माय' कशी झाली असती? नुसती अक्षरं वाचणारा 'आई'च म्हणेल. याने समजून वाचलं, आणि तुम्ही फुली मारली."

मला राग आला. मी डी.एड.ला पहिल्या वर्गात पास झालेली! आम्ही शाळेला कुलूप लावून निघत होतो आणि तेवढ्यात आसगावहून माझ्या आईचा फोन. मी फोनवर, "थांब ना माय, काहून घाई करतेस? मी शाळेतून निघूनच राहिली. मले घरी तं पोचू दे!"

सर गाडीला किक मारता मारता थांबले. "मॅडम, एक लाल फुली तुम्हालाही!"

दुसऱ्या दिवशी मी निखिलच्या वहीतली फुली खोडून बरोबरची खूण केली. तो कितीतरी वेळ वहीकडे पाहत राहिला. "म्याडम, चुकलं होतं ना?"

"हो. माझं."

त्या दिवशी त्याने स्वतःहून हात वर केला. पुढे 'आई'ला 'आई' वाचायलाही शिकला, पण ते फार सोपं होतं.

*

धानाच्या रोवणीच्या दिवसांत आमची शाळा ओस पडायची. मायबाया बांधीत चिखलात उतरायच्या आणि तिसरी-चौथीतल्या पोरी घरी लहान भावंडं सांभाळत बसायच्या. सरांनी निरोप धाडला, "भावंडं घेऊन या."

आल्या! व्हरांड्याच्या बल्लीला लुगड्याचे पाळणे बांधले. पाढे म्हणता म्हणता एक पोरगी पायाने झोका द्यायची. आणि नेमके त्याच आठवड्यात केंद्रप्रमुख भेटीला आले. त्यांनी मुलं मोजली, हजेरीपट पाहिला, पुन्हा मोजली.

"लांजेवार सर, पट तेवीस. मग इथे अठ्ठावीस कसे?"

"पाच ॲडव्हान्स बुकिंग, साहेब!"

तेवढ्यात एका बुकिंगने भोकाड पसरलं. केंद्रप्रमुखांनी त्या दिवशी सगळी रजिस्टरं उजव्या हाताने तपासली, कारण डाव्या हातात पाळण्याची दोरी होती.

*

शाळेत पोषण आहार शिजवायला देवकाबाई होत्या. स्वतः शाळेत कधी गेल्या नाहीत, पण कोण घरून उपाशी आलंय, कुणाचा बाप रात्री भांडलाय, हे त्यांना पोराच्या ताट धरण्यावरून कळायचं.

चौथीत संजना नावाची मुलगी. उंच, म्हणून मी तिला मागे बसवलेली. वर्षभर तिचं शुद्धलेखन म्हणजे नुसता गोंधळ. फळ्यावर एक, वहीत दुसरंच. मी तिला आळशी म्हणायची. तोंडावर म्हणायची, खोटं कशाला सांगू?

एक दिवस देवकाबाई पदराला हात पुसत माझ्याजवळ आल्या. "म्याडम, त्या पोरीले दिसत नाही."

"कुणाला?"

"संजनाले. भातातली मिरची डोळ्यानं नाही काढत ते. बोटानं चाचपते."

मी दुसऱ्या दिवशी पंगतीत समोर बसून पाहिलं. खरंच! पोरगी ताट चाचपत होती. रोज माझ्यासमोर जेवायची, आणि मी वर्षभर तिच्या चुकांवर लाल पेन फिरवत होते.

सर तिच्या बापाला घेऊन भंडाऱ्याला गेले, डोळे तपासले, चष्मा आला. चष्मा घालून संजना पहिल्यांदा वर्गात आली. मी तिला अगदी पुढे बसवलं. तिने फळा पाहिला, तक्ते पाहिले, भिंतीवरचा नकाशा पाहिला. मग माझ्याकडे निरखून पाहिलं आणि भर वर्गात ओरडली, "अवो म्याडम, तुमचे तं केस पांढरे हायेत!"

*

मग गावात कॉन्व्हेंटची व्हॅन येऊ लागली. पिवळी, हॉर्न मारणारी. पोरं टाय लावून जायला लागली आणि आमचा पट घसरला. वेदांत हा त्यातलाच. त्याच्या बापाचं फाट्यावर मोबाइल रिपेअरिंगचं दुकान.

कॉन्व्हेंटला शनिवारी सुट्टी, आमची सकाळची शाळा. एका शनिवारी पाहते तर वेदांत तिसरीच्या रांगेत बसलेला. सर म्हणाले, "बेटा, तुझं नाव इथे नाही ना."

"नाव तिकडंच राहू द्या, गुरुजी. मी इथं बसतो."

तिसऱ्या शनिवारी बाप तणतणत आला. त्या वेळी सर पोरांना घेऊन चिंचेच्या झाडाचा घेर मोजत होते. टेप पुरत नव्हता, म्हणून सुतळी लावायची, खूण करायची, मग सुतळी मोजायची, असा कारभार चालला होता. बाप म्हणाला, "चल घरी! कायले आलास इथं?"

वेदांतने त्याच्या हातात सुतळीचं टोक दिलं. "बाबा, हे धर. सोडू नोको, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून मोजा लागन."

आणि तो माणूस उभा राहिला की हो! पोरं झाडाला चकरा मारून राहिली, भांडून राहिली, खोडून पुन्हा लिहून राहिली, आणि हा खोडाला सुतळी दाबून उभा. शेवटी सर म्हणाले, "सोडा आता. झालं मोजून."

जूनमध्ये बाप वेदांतचा कॉन्व्हेंटमधून काढलेला दाखला घेऊन ऑफिसात आला. सरांना वाटलं, आता पुस्तकं, गणवेश, असं काहीतरी विचारणार. त्याने दाखला टेबलावर ठेवला आणि विचारलं, "गुरुजी, ते झाड अवंदा किती भरलं जी?"

*

आणि हा शेवटचा.

त्या वर्षी कमी पटाच्या शाळा बघायला एक नवे अधिकारी फिरत होते. शाळा ठेवायची की नाल्यापलीकडच्या गावच्या शाळेत मिसळायची, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. ते कधी येतील याचा नेम नव्हता. आमची छोटी पोरं नाला ओलांडून कशी जातील, या विचाराने सरांचं जेवण कमी झालं होतं.

नेमकं एका मंगळवारी सरांच्या आईला दवाखान्यात हलवावं लागलं. सर रजेवर. मी निघाले तर माझी एसटी मधल्या रस्त्यात बंद पडली. फोनला रेंज नाही. अर्धा रस्ता पायी, अर्धा एका ट्रॅक्टरवर, अशी मी शाळेजवळ पोचले तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. आणि शाळेसमोर पांढरी सरकारी जीप!

सर नाहीत, मी नाही. शाळा बंद करायला याहून मोठं कारण कोणाला हवं?

आतून आवाज नाही. वाटलं, पोरं घरी गेली. मी चप्पल हातात घेऊन दारातून डोकावले.

चौथीची प्राची पहिलीच्या पोरांना भोवती बसवून अक्षरं गिरवून घेत होती. दुसरी-तिसरीची पोरं जोडीजोडीने एकमेकांना हळू आवाजात धडा वाचून दाखवत होती. फळ्याजवळ दोघं एका गणितावर कुजबुजत भांडत होती. आणि सर्वांत मागे, शेवटच्या बसकरपट्टीवर, बूट काढून, मांडी घालून अधिकारी बसलेले.

मी सुरू झाले, "सर, माफ करा, माझी एसटी..."

त्यांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं आणि प्राचीकडे पाहिलं.

एक किल्ली देवकाबाईंकडे असायची; त्यांनी शाळा उघडली होती आणि प्राचीने साडेदहाला घंटा दिली होती. नंतर मी प्राचीला विचारलं, साहेब आले तेव्हा काय झालं? ती म्हणाली, "ते दारातूनच मोठ्यानं इचारत होते ना, शिक्षक कुठं हायेत, शिक्षक कुठं हायेत! मी म्हटलं, साहेब, शाळा चालू हाये, आवाज नोका करू. बसाचं असन तं बूट काढून मागं बसा."

एक वाजता अधिकारी उठले. फक्त शेरेबुक मागितलं, उभ्या उभ्या काहीतरी लिहिलं, सही केली, बूट घातले आणि गेले. जीप वळणाआड गेल्यावर मी शेरेबुक उघडलं.

लिहिलं होतं, 'आज शाळेस आकस्मिक भेट दिली. दोन्ही शिक्षक अनुपस्थित. अध्यापन सुरू.'