निषेध करायची बाग

बंगळुरात कुणाला सरकारचा निषेध करायचा असेल तर तो एका बागेत जाऊन करावा लागतो. रस्त्यावर मोर्चा काढता येत नाही, वाहतूक अडते म्हणे. या शहरातली वाहतूक मोर्चांमुळे अडते, हे आमच्या सर्जापूर रोडवर येऊन कुणीतरी सांगून बघावं. बागेच्या जागी पूर्वी तुरुंग होता. त्याच्या भिंती आणि पहाऱ्याचा मनोरा अजून उभे आहेत. आधी अर्ज करायचा, ठरवून दिलेल्या वेळात घोषणा द्यायच्या आणि वेळ संपली की घरी जायचं. गेल्या महिन्यात मी माझ्या धाकट्या भावाला तिथे घेऊन गेले. त्याला जरा बरं वाटेल असं मला वाटलं होतं. पण त्याआधी त्याच्यावरच्या केसबद्दल सांगायला हवं.

आम्ही विदर्भातल्या एका शहरातले, तिथल्या बौद्ध वस्तीत वाढलेलो. आमच्या घरात एक गोष्ट जेवताना हमखास निघायची. बाबा कॉलेजात असताना वस्तीतल्या मुलांची शिष्यवृत्ती बंद पडली. अर्ज करून करून मुलं थकली आणि शेवटी रस्त्यावर उतरली. दगडफेक झाली, लाठीमार झाला, बाबांचा डावा हात कोपरात मोडला. शिष्यवृत्ती सुरू झाली. त्यावर बाबा शिकले, नोकरीला लागले, आणि त्यांच्या नोकरीवर मी इंजिनिअर झाले. तो वाकडा हात पुढे करून बाबा म्हणायचे, "तुमचं घर याच्यावर उभं आहे." मला तेव्हा या वाक्याचा कंटाळा यायचा.

मी नोकरीसाठी बंगळुरात आले त्याला बरीच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. आमच्या शहराजवळच्या एका गावात आमच्यातल्याच एका पोराला जिवे मारलं. नळावरची रांग सोडून मागे उभं राहायला तो नाही म्हणाला, एवढंच. मारणारे कोण, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. अटक मात्र होईना. वस्तीतली मोठी माणसं निवेदन घेऊन जायची, साहेब लोक चहा पाजून परत पाठवायचे. मग बंद पुकारला गेला. चौकात गर्दी जमली, दगड सुटले, एक बस पेटली. आणि इतके दिवस ज्यांचा पत्ता लागत नव्हता ते सगळे मारेकरी त्याच संध्याकाळी सापडले.

त्या संध्याकाळी मी व्हाइटफील्डहून ऑफिसच्या कॅबमध्ये घरी निघाले होते. बरोबर पुण्याचे दोघं होते. फोनवर बातम्या बघत एकजण म्हणाला, "प्रोटेस्ट करा ना, कोण नाही म्हणतंय? पण बस कशाला जाळता यार? आपल्याच टॅक्सची आहे ना?" माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बस न जाळता इतके दिवस विचारत होते, तेव्हा तू ही बातमी पाहिली होतीस का?" तो हसला, मग हसणं थांबवून खिडकीबाहेर बघू लागला. त्यानंतर कॅबमध्ये माझ्यासमोर राजकारण बंद झालं. माझं आडनाव त्यांना त्याच दिवशी नीट ऐकू गेलं असावं.

घरी पोचले तर आईचा फोन. ती रडत होती, मला काही कळेना. हळूहळू कळलं ते असं. बाबा सकाळीच चौकात गेले होते. रिटायर झालेला, साखरेचा त्रास असलेला माणूस, पण बंद म्हटलं की त्यांना घरात बसवत नाही. दगड सुटल्याचं कळताच आईने भावाला पाठवलं, "जा, तुझ्या बाबाले घेऊन ये." तो गेला, त्याने बाबांना शोधलं आणि हाताला धरून घरी आणलं. रात्री पोलीस वस्तीत शिरले आणि घराघरांतून तरुण पोरं उचलून नेली. कुठल्याशा व्हिडिओत भाऊ पेटलेल्या बसजवळ दिसत होता. बाबांना हाका मारताना तोंड उघडं होतं, म्हणजे घोषणा देतच असणार. त्याच व्हिडिओत थोड्या अंतरावर उभे असलेले बाबा म्हातारे म्हणून कुणी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

त्याला जामीन मिळाला, केस राहिली. पुढे वरून घोषणा झाली की आंदोलनातल्या केसेस मागे घेणार. वस्तीत पेढे वाटले. मग कळलं, गंभीर गुन्हे वगळून. बस जाळणं गंभीर. तारखेला जायचं, पुढची तारीख घेऊन यायचं, असं अजून चालू आहे.

मी त्याला इकडे आणलं. इथे कोण ओळखतं, असा माझा हिशोब. त्याने सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स केला. पोरगा हुशार आहे, माझ्यापेक्षा हुशार. मुलाखतीत अडखळायचा नाही आणि इंग्रजी त्याने इथे येऊन माझ्याशी भांडत भांडत सुधारली. त्याला चांगल्या कंपनीत नोकरी लागली. गळ्यातलं ओळखपत्र तो जेवतानाही काढत नसे. मी चिडवायचे, "आंघोळीला तरी काढतोस ना रे?" मग कंपनीची नेहमीची चौकशी झाली, त्यात ती केस निघाली आणि त्याला एका खोलीत बोलावलं. आरोप सिद्ध झालेला नाही, असं तो सांगत राहिला. ते म्हणाले, आम्हाला समजतं, पण आमचा नियम आहे. लॅपटॉप ठेवून घेतला, ओळखपत्र काढून घेतलं आणि गार्डने त्याला गेटपर्यंत सोडलं. फार सभ्यपणे झालं सगळं. मला त्या सभ्यपणाची आजही शिसारी येते.

आता तो आमच्या घराजवळच्या एका किचनमध्ये टिफिनचे डबे भरतो. बाबांना आम्ही सगळं सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी आपल्या हाताची गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. आई म्हणते, आता घरातही फुल बाह्यांचा शर्ट घालतात.

गेल्या महिन्यात पुन्हा एक पोरगा मारला गेला, या वेळी कर्नाटकातल्या एका खेड्यात. त्याच्यासाठी बागेत सभा होती. भाऊ हल्ली बोलेनासा झाला होता, म्हणून मीच म्हटलं, चल. तोंडाला मास्क लावून आला. आत चांगली शंभरेक माणसं असतील. घोषणा कन्नडमध्ये होत्या. मला अर्ध्या कळत होत्या, त्याला त्याहून कमी, पण दोघंही ओरडलो. एक मुलगी मोबाइलवर शूटिंग करत आली तसा तो झटकन माझ्यामागे सरकला. एवढा उंच मुलगा, माझ्यामागे कसला लपतोय! पोलीस अगदी गोड होते. बॅरिकेडच्या बाहेर आलेल्या आम्हाला एकजण म्हणाला, "अक्का, स्वल्प हिंदे, प्लीज." थोडं मागे व्हा. आम्ही झालो. मग त्याने घड्याळ दाखवलं, "टाइम आयतु." वेळ संपली होती. मंडळींनी सतरंज्या गुंडाळल्या.

बाहेर रस्ता रोजच्यासारखा तुंबलेला. भिंतीला लागून लोक इडली खात उभे होते. आत काय झालं याचा त्यांना पत्ता असायचं कारणच नव्हतं.

मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "इथलं बरं आहे बघ. कुणाला काही होत नाही."

"कोणालेच काही होत नाही न, ताई," तो म्हणाला. "त्या मारणाऱ्यांनाही."

मी ऑटो शोधायला लागले. त्याने मास्क खाली ओढला आणि कितीतरी दिवसांनी सरळ माझ्याकडे बघून बोलला.

"मी त्या दिवशी दगड नव्हता मारला. तुले माहीत आहे न?"

"माहीत आहे रे."

"मारायला पाहिजे होता. केस तर लागलीच. ज्या दगडांनी ते मारेकरी आत गेले, त्यातला एक तरी माझा असता."

मी त्याला रागवायला हवं होतं. आईने माझ्या भरवशावर त्याला इकडे पाठवलंय. पण मी रागावले नाही, कारण त्याचं चुकतंय असं मला वाटलंच नाही.