मेणात बसवलेला तुकडा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जळगावात माझ्या स्तनातल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन झालं. तेव्हा मी भुसावळच्या एका शाळेत गणित शिकवत होते. टाके निघाल्यावर मी सर्जनना विचारलं, "आता पुढे काय?" ते माझ्या नवऱ्याकडे बघून बोलू लागले. मी म्हटलं, "डॉक्टर, मला सांगा."

मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि समजावलं. काही गाठींच्या पेशींत एक प्रथिन असतं. ते शरीरातलं संप्रेरक धरून ठेवतं आणि त्यावर गाठ पोसते. ते सापडलं, तर रोजच्या गोळीनं ती वाट अडवता येते. नसलं, तर त्या गोळीचा उपयोग नाही.

"ही तपासणी मुंबईला होते. बरेच जण गोळी तशीच सुरू करतात."

"मला तपासायचंय."

सासूबाई सोनगीरच्या. त्यांना हे पटेना. "गाठ ते काढी टाकी ना, आते काय तपासनं शे?"

"उलटली तर कशानं अडवायची, ते बघायचंय," मी म्हटलं. निघायच्या दिवशी मात्र त्यांनी दशम्या बांधून दिल्या.

पॅथॉलॉजीच्या बाईंनी मेणाचा छोटा ठोकळा दिला. आत माझ्या गाठीचा नखाएवढा करडा तुकडा. "उन्हात ठेवू नका," त्या म्हणाल्या. मे महिना होता. मी तो स्टीलच्या डब्यात ठेवला, डब्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि गाडीत मुंबईपर्यंत मांडीवर धरून बसले. नवरा म्हणाला, "दे, मी धरतो." मी दिला नाही. माझ्याच अंगातली ती वस्तू. तिची घृणा वाटेल असं वाटलं होतं, तशी वाटली नाही.

रिपोर्ट आला. प्रथिन होतं.

"म्हणजे मी बरी होणार?" मी सर्जनना विचारलं.

"गोळी लागू पडायची शक्यता चांगली आहे. खात्री देत नाही."

"शक्यता पुरे," मी म्हटलं.

गोळीनं अंगातून वाफा निघायच्या, तास चालू असताना घामानं पोलकं भिजायचं. ऑपरेशनमुळे डावा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून रोज सकाळी भिंतीवर बोटं चढवत नेत होते. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मी वर्गावर हजर होते.

पुढे काही वर्षांनी, ठरलेली मुदत संपल्यावर, सर्जननी गोळी बंद केली. घरात सगळ्यांना आनंद झाला. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली, आता अडवायला काहीच नाही अशी. दुसऱ्या दिवशी नववीला वर्तुळाचं प्रमेय घ्यायचं होतं. ते घेतलं. आजार उलटला नाही.